व्हिटनी कुठून चढायचा, साल्हेर कुठून? – वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई नमस्कार. मी पाचोऱ्याचा, शाळेत शिक्षक आहे, वय ५६. मुलगा कॅलिफोर्नियात सॅन होजेला नोकरीला आहे आणि यंदा आम्ही नवरा-बायको त्याच्याकडे चार-पाच महिने राहायला चाललोय. त्याच्या डोक्यात आहे की बाबा आपण दोघांनी माउंट व्हिटनी करायचा, सॅक पाठीवर, तंबूत मुक्काम. फेब्रुवारीत त्याने परमिटच्या लॉटरीत नाव टाकलं, मार्चमध्ये निकाल आला, लागलं नाही. आता म्हणतो संपलं, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी माझे गुडघे काय म्हणतील काय माहीत. साल्हेर, कळसूबाई झालंय, तरुणपणी अस्तंब्याची यात्राही केलीय. खरंच दुसरा काहीच मार्ग नाही का?

उत्तर : सर, संपलं वगैरे काही नाही. मोठ्या देवळाला चार दरवाजे असतात आणि सगळी गर्दी पूर्वेच्या दाराला असते, तशातला प्रकार आहे हा. तुमच्या मुलाने लॉटरी लावली ती व्हिटनी पोर्टल नावाच्या जागेवरून चढणाऱ्यांची. लोन पाईन गावातून गाडी थेट तिथपर्यंत जाते, साधारण ८,३०० फुटांवर, आणि तिथून शिखर जाऊन-येऊन ३५ किलोमीटर. शिखर १४,५०५ फूट म्हणजे ४,४२१ मीटर. अलास्का बाजूला ठेवला तर अमेरिकेतलं हे सगळ्यात उंच टोक, आणि वाट अशी की दोर लागत नाही, चांगले पाय असले की बस, मग गर्दी होणारच ना. म्हणून १ मे ते १ नोव्हेंबर ह्या काळात रोज एका दिवसात जाऊन येणारे १०० आणि मुक्कामी ६० एवढ्यांनाच सोडतात, आणि त्यासाठी १ फेब्रुवारी ते १ मार्च लॉटरी.

पण मुलाला एक गोष्ट नीट समजावून सांगा. तिथलं इन्यो नॅशनल फॉरेस्ट मुक्कामाचं परमिट शिखराचं देतच नाही, तुम्ही कोणत्या वाटेने, कोणत्या तारखेला जंगलात शिरणार त्याचं देतं. एकदा रीतसर आत शिरलात की पुढचे दिवस चालत चालत शेजारच्या सेक्वॉया नॅशनल पार्कात गेलात तरी तेच परमिट चालतं. म्हणजे व्हिटनीला मागच्या अंगाने, पश्चिमेकडून जाता येतं, आणि तिकडच्या वाटांना लॉटरी नाही, सरळ बुकिंग आहे.

मी तुमच्या जागी असते तर हॉर्सशू मेडो निवडलं असतं. हेही लोन पाईनवरूनच, फक्त दक्षिणेकडचा घाटरस्ता, आणि गाडी जवळजवळ १०,००० फुटांपर्यंत जाते. तिथून दोन वाटा निघतात, एक कॉटनवुड पासची (पास म्हणजे खिंड) आणि दुसरी कॉटनवुड लेक्सवरून न्यू आर्मी पासची. दुसरी देखणी आहे, तळीच तळी, पण पास १२,३०० फुटांवर आणि जूनपर्यंत वर बर्फ अडकून बसतो. पहिली सौम्य. कॉटनवुड पास साधारण ११,१०० फूट, तो ओलांडला की थोड्याच वेळात चिकन स्प्रिंग लेक, तिथे पहिला मुक्काम, मग रॉक क्रीक, मग क्रॅबट्री मेडो, मग गिटार लेक (वरून बघितलं की खरोखर गिटारीचा आकार दिसतो), आणि तिथून पहाटे उठून शिखर. शिखरावरून पलीकडे पोर्टलला उतरलात तर एकूण चाल ६० किलोमीटरच्या आसपास होते. रमतगमत ५ दिवस धरा.

आता तुम्ही म्हणाल ३५ किलोमीटरच्या जागी ६० कशाला चालायचं. सर, आपण खानदेशातली माणसं समुद्रसपाटीपासून दोनशे-अडीचशे मीटरवर राहणारी, आणि सॅन होजे तर त्याहून खाली. पोर्टलवरून जाणारे बरेच मुक्कामी लोक पहिल्याच दिवशी ट्रेल कॅम्पला म्हणजे १२,००० फुटांवर तंबू लावतात आणि दुसऱ्या दिवशी वर. तिशीतला माणूसही त्या रात्री डोकं धरून बसतो. डॉक्टर लोक सांगतात की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. कॉटनवुडच्या वाटेत तुमच्या ४ रात्री साडेनऊ ते साडेअकरा हजार फुटांच्या दरम्यान जातात, मधे रॉक क्रीकला तर तुम्ही खाली उतरता, म्हणजे शिखराच्या दिवशी रक्त विरळ हवेला तयार झालेलं असतं. गुडघ्यांना पण रोज थोडं थोडं बरं पडतं, एका दिवसात सहा हजार फुटांची उतरण खाण्यापेक्षा. तरी सॅन होजेहून गाडीने येऊन थेट हॉर्सशू मेडोला झोपू नका, एक रात्र लोन पाईनला (३,७०० फूट), मग एक रात्र वर, मग चाल सुरू.

पाण्याचं म्हणाल तर चिकन स्प्रिंग लेकच्या पुढे रॉक क्रीकपर्यंतचा मोठा पट्टा कोरडा आहे, तिथे माणशी ३ लिटर तरी भरून निघा. आणि गिटार लेकला शिखराच्या दिवसाचं सगळं पाणी भरून घ्यायचं, वर खडकच खडक.

परमिटच्या तारखा. ह्या वाटांचा ६० टक्के कोटा ६ महिने आधी खुला होतो आणि उरलेला ४० टक्के बरोब्बर २ आठवडे आधी, तिकडच्या सकाळी ७ वाजता, रिक्रिएशन डॉट गव्ह ह्या सरकारी साइटवर. तिकडचे सकाळचे ७ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. ऑगस्टच्या तारखांचे ६ महिने फेब्रुवारीतच होऊन गेले, तेव्हा ऑगस्ट हवा असेल तर एकतर रोज साइट उघडून कोणी रद्द केलंय का बघायचं, नाहीतर २ आठवड्यांच्या ४० टक्क्यांवर नेम धरायचा. मुलगा मीटिंगमध्ये अडकत असेल तर तोवर तुम्ही तिथे असालच, सकाळी ७ला चहा घेऊन त्याच्या लॅपटॉपवर तुम्हीच बसा. तारीख थोडी पुढे-मागे चालत असेल तर माझं मत सप्टेंबरला. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ढग जमून विजा होतात, सप्टेंबरमध्ये ते कमी होतं, डास संपलेले असतात, गर्दीही ओसरते. रात्री मात्र पाणी गोठेल एवढी थंडी.

एक भानगड आहे ती आधीच सांगते. इन्योच्या दुसऱ्या वाटेने शिरून उतरताना पोर्टलकडे बाहेर पडायचं असेल तर त्या बाहेर पडण्याला वेगळा रोजचा कोटा आहे. बुकिंग करतानाच बाहेर पडायची जागा तशी निवडावी लागते, मग ऐनवेळी बदलता येत नाही. तो नाही मिळाला तर शिखर करून आल्या वाटेने हॉर्सशू मेडोला परत, चाल जवळपास दीडपट होईल आणि ७ दिवस धरावे लागतील, पण शिखर चुकत नाही. पोर्टलला उतरणार असाल तर गाडीची सोय आधी बघा, गाडी हॉर्सशूला आणि तुम्ही पोर्टलला असं व्हायला नको. घरातलं कोणी लोन पाईनला थांबून गाडी घेऊन आलं तर उत्तमच.

आणि लॉटरीही पूर्ण मेलेली नाही. ज्यांना लागली त्यांनी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पैसे भरून तारीख पक्की करायची असते. बरेच जण करत नाहीत, आणि त्या उरलेल्या जागा त्यानंतर लगेच सगळ्यांना खुल्या होतात. त्या दिवशी नेटवर बसायला सांगा त्याला.

मुलगा आणखी दोन-तीन वाटांची नावं घेईल. ओनियन व्हॅलीवरून किअरसार्ज पास – सुंदर, पण मधे १३,००० फुटांच्या वरचा फॉरेस्टर पास आहे, पाठीवर १४-१५ किलो घेऊन पहिल्याच खेपेला नको. क्रेसेंट मेडोवरून हाय सिएरा ट्रेल – पश्चिमेकडून अख्खी डोंगररांग ओलांडून ११५ किलोमीटर, त्याला आठवड्याहून जास्त सुट्टी लागते, त्याचं परमिट सेक्वॉयावाले देतात. आणि माउंटेनिअर्स रूट, ज्याने जॉन म्यूर १८७३ साली वर गेला, तो हात-पाय लावून चढायचा घळीतला रस्ता आहे, त्याचं नावही काढू देऊ नका.

एजंटचं, डब्याचं खाली दुसऱ्यांनी विचारलंय ते पण वाचा.

प्रश्न : मुंबईचा एक एजंट म्हणतो की जगातल्या कुठल्याही डोंगराचं परमिट काढून देतो, नाव कोणाचंही असलं तरी चालतं, आपण फक्त पैसे द्यायचे. खरं असतं का हे? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : नाव कोणाचंही चालतं म्हणणारा माणूस पहिल्या वाक्यातच नापास. व्हिटनीचंच घ्या, परमिट ग्रुप लीडरच्या नावाने निघतं, ते दुसऱ्याला विकता किंवा देता येत नाही, लीडर येणार नसेल तर अर्ज करतानाच पर्यायी लीडर म्हणून ज्याचं नाव लिहिलं तोच ते घेऊ शकतो, आणि फोटो असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं. वाटेत रेंजर भेटला तर कागद मागतो. सरकारी फी माणशी थोड्याच डॉलरची आहे, एजंट त्याच्यावर काय लावतो ते विचारून बघा.

पण सगळीकडे एकच नियम नसतो हेही खरं. टांझानियात किलिमांजारो (५,८९५ मीटर) स्वतःच्या स्वतः चढताच येत नाही, तिथे लायसन्सवाल्या कंपनीमार्फत, गाइड घेऊनच जावं लागतं, पार्कची फी तीच कंपनी भरते. तिथे प्रश्न परमिटचा नाही, दिवस किती घ्यायचे ह्याचा आहे. स्वस्तातल्या ५ दिवसांच्या मारांगू पॅकेजला भुलू नका. तेवढ्यात शरीर तयार होत नाही आणि किती तरी माणसं वरून परत फिरतात. लेमोशोने ८ दिवस घ्या, पैसे जास्त जातील पण वर पोचाल.

प्रश्न : ताई, माझे मिस्टर आणि मी पुढच्या वर्षी सिएरात (व्हिटनीच्याच डोंगररांगेत) ४ दिवस जाणार आहोत, ऑफिसातल्या मैत्रिणी सोबत आहेत. त्या सांगतात खाणं सगळं एका डब्यात ठेवायचं आणि... ते दुसरं पण पिशवीत घालून परत आणायचं. हे खरंच करतात का लोक? आणि आईने द्यायचं ठरवलेले दराब्याचे लाडू त्या डब्यात मावतील का? – मूळची चोपड्याची, आता कॅलिफोर्निया

उत्तर : करतात, आणि व्हिटनीकडे जाणार असाल तर तुम्हालाही करावं लागेल. व्हिटनीच्या पट्ट्यात झाडं संपतात, माती नाहीच, नुसता ग्रॅनाइट, आणि रोज दीडेकशे माणसं. खड्डा कुठे खणणार? म्हणून त्यांनी पिशव्या दिल्यात, आत पावडर असते, ती ओलावा धरून ठेवते, दुहेरी बंद करायची, सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात अडकवायची आणि खाली पोर्टलला त्यासाठी ठेवलेल्या कचरापेटीत टाकायची. पहिल्या दिवशी लाज वाटते, दुसऱ्या दिवशी ग्रुपमध्ये त्याच्यावर विनोद सुरू होतात. आपल्याकडे साल्हेरच्या टाक्याजवळ काय वास येतो ते आठवलं की पिशवी बरी वाटते.

डबा म्हणजे बेअर कॅनिस्टर, जाड प्लॅस्टिकचा, नाण्याने फिरवून उघडायचं झाकण. तिथली काळी अस्वलं झाडाला टांगलेली पिशवी सहज काढतात, म्हणून डबाच सक्तीचा. त्यात फक्त जेवण नाही तर वास येणारं सगळंच जातं, टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, लिप बाम, कचरा. रात्री तंबूपासून लांब, दरीच्या किंवा पाण्याच्या काठाला नको, दगडांच्या बेचक्यात ठेवायचा. तुमच्याकडे नसेल तर तिथल्या दुकानात भाड्याने मिळतो. गाडीत पण खाण्याचा पुडा विसरायचा नाही, पोर्टलच्या पार्किंगला अस्वलांनी दारं वाकवलेल्या गाड्या बघायला मिळालेल्या आहेत लोकांना.

दराबा मावेल, आणि खरं सांगू तर ह्या डब्यासाठी आपल्या घरच्यांनी बनवलेल्या गोष्टींत त्याच्याइतकी सोयीची दुसरी नाही. गव्हाचं भाजलेलं रवाळ पीठ, तूप, पिठीसाखर, थोड्या जागेत भरपूर ताकद. लाडू वळू नका, तसाच मोकळा दाबून झिपच्या पिशवीत भरा, लाडवांच्या मधली हवा वाया जाते. कळण्याची भाकरी मात्र पहिल्या दिवसापुरतीच, ती वाळून तुटते. ठेचा हवाच असेल तर कोरडा, शेंगदाणे घालून. केळीचे वेफर्स नकोत, हलके असले तरी अर्धा डबा खातात, ते गाडीत परत आल्यावर... गाडीत नाही, आत्ताच सांगितलं ना, खोलीवर ठेवा.

आणि अस्वलापेक्षा जास्त त्रास मार्मोट देतं, घुशीएवढं नाही, चांगलं मांजराहून मोठं, गुबगुबीत. शिखराच्या आधीच्या फाट्यावर लोक मोठ्या सॅक ठेवून छोटी पिशवी घेऊन वर जातात, तेवढ्यात हे महाशय सॅक कुरतडतात. तिथे सॅकच्या सगळ्या चेन उघड्या ठेवायच्या आणि खाणं डब्यात. उघडी दिसली की बघून निघून जातं, बंद दिसली की भोक पाडतं.

प्रश्न : आम्ही धुळ्याच्या कॉलेजचे दहा-बारा जण. साल्हेरला मुक्कामी जायचंय. काही जण म्हणतात वाघांब्याने चढा, काही म्हणतात साल्हेरवाडीने. आणि युनेस्को झाल्यामुळे आता परमिट लागतं का?

उत्तर : धुळ्याहून तुम्हाला साक्री-पिंपळनेर-ताहाराबाद सोपं, पुढे मुल्हेरवरून दोन्ही गावं. साल्हेर १,५६७ मीटर, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, कळसूबाईच्या (१,६४६) खालोखाल दोन नंबरचं टोक. वाघांब्याची वाट साल्हेर आणि सालोटा ह्या दोघांच्या मधल्या खिंडीत येते, तिथून कातळात खोदलेल्या पायऱ्या आणि एकामागून एक दरवाजे. साल्हेरवाडीची वाट दुसऱ्या अंगाने, तीही दरवाज्यांची. एकाच वाटेने वर-खाली करू नका, वाघांब्याने चढा आणि साल्हेरवाडीला उतरा, किल्ला दोन्हीकडून बघून होतो आणि सकाळी ताज्या पायांनी सालोटाही करता येतो. फक्त गाडीवाल्याला सांगून ठेवा की दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात यायचंय, नाहीतर तो वाघांब्याला झोपून राहील आणि वर रेंज कधी असते कधी नसते.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यात साल्हेर आहे. किल्ला राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आहे. व्हिटनीसारखी लॉटरी-बिटरी काही नाही, पण मुक्काम करायचा तर आधी गावात, सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना सांगा, तिथे वनविभागाचा किंवा पुरातत्त्वचा माणूस असला तर त्यालाही, आणि त्याने वर राहू नका म्हटलं तर हुज्जत न घालता खाली गावात राहा. गावात राहणं तसंही वाईट नाही. नागलीची भाकरी आणि भाजी मिळते, पैसे गावाला जातात. वर मुक्काम झालाच तर गुहेत, दगडांना काजळी लागेल अशी चूल नको, गॅसची छोटी शेगडी न्या. गंगासागर तलावाचं पाणी उकळून किंवा क्लोरीनच्या गोळ्या टाकून. परशुरामाच्या देवळाशी, अगदी टोकावर, वारा माणसाला उचलेल असा असतो, तिथे तंबूचा विचारही नको.

पावसाळ्यात त्या पायऱ्यांवर शेवाळ येतं. फोटो त्याच दिवसांत छान येतात हे मला पण माहीत आहे, तरी पहिल्यांदा जाणाऱ्या दहा-बारा जणांनी ऑक्टोबर ते फेब्रुवारी धरावं. आणि १६७२ ची साल्हेरची लढाई जाण्याआधी वाचून जा, मराठ्यांनी मुघलांना उघड्या मैदानात हरवलं ते ह्याच डोंगराच्या पायथ्याला, खिंडीत बसून खाली बघताना मग वेगळं दिसतं सगळं.

प्रश्न : भाचा पुण्याहून येतोय, त्याला अस्तंबा करायचाय, पण यात्रेच्या गर्दीत नको म्हणतो, डिसेंबरात जाऊ म्हणतो. जमेल का? – शहादा

उत्तर : जमेल, पण भाच्याला सांगा की यात्रेच्या वेळी जे फुकट मिळतं ते डिसेंबरात स्वतः न्यावं लागतं. धनत्रयोदशीला हजारो माणसं वाटेत असतात, खानदेशातली, गुजरातेतली, मध्य प्रदेशातली, पुढच्या माणसाच्या बॅटरीमागे चालत राहिलं की अश्वत्थाम्याच्या शिखरावर पोचतोच माणूस, वाट चुकायचा प्रश्नच नाही, चहा-पाणी मिळतं. इतर वेळी त्या सातपुड्यात एकाला एक लागून सोंडा आहेत, गुरांच्या वाटा सगळीकडे फुटतात, आणि डिसेंबरनंतर झरे आटत जातात. तळोद्याकडून जायचं, वाटेतल्या पाड्यावरचा माणूस सोबत घ्यायचा, त्याला दिवसाचा पूर्ण रोज आधी ठरवून द्यायचा, दमडीला घासाघीस करायची नाही. परवानगी लागते का हे तळोद्याच्या वनखात्याच्या ऑफिसात विचारूनच निघा. शिखर चार हजार फुटांच्या वर आहे, रात्री चांगली थंडी असते, हे शहाद्याच्या माणसाला खरं वाटत नाही म्हणून लिहिलं.

तिथले पाडे भिल्ल-पावरा लोकांची घरं आहेत, ते त्यांचं अंगण आहे, विचारल्याशिवाय कोणाचे फोटो नकोत. आणि जखमेवर तेल मागणारा अश्वत्थामा भेटला तर, भाच्याकडे गुडघ्याला लावायचं तेल असेलच.

प्रश्न : रेल्वेत आहे, भुसावळ. पास आहे, सुट्टी १२ दिवस. बर्फातलं पहिलं शिखर करायचंय. मित्र म्हणतो डायरेक्ट लडाखला सहा हजार मीटरचं कर, केदारकंठा पोरांचा खेळ आहे. तुमचं काय मत?

उत्तर : मित्राला आधी स्वतः जाऊन येऊ द्या. सहा हजार मीटरच्या शिखरांना दिल्लीच्या इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनची परवानगी लागते, दोर आणि क्रॅम्पॉन (बर्फात बुटाला लावायचे काटे) वापरता यावे लागतात, आणि १२ दिवसांतले प्रवासाचे ४ गेले तर शरीर तयार व्हायला उरतं काय? शिवाय मित्राच्या डोक्यात स्टोक कांगरी असेल, सगळ्यांच्या असते. ती २०२० साली बंद केली, एवढी गर्दी झाली होती की खालच्या स्टोक गावाचं प्यायचं पाणीच खराब व्हायला लागलं.

केदारकंठा करा, ३,८१० मीटर, साधारण १२,५०० फूट. भुसावळहून दिल्ली, डेहराडून, आणि तिथून सांकरीला एक अख्खा दिवस गाडीत. हा भाग गोविंद अभयारण्य-राष्ट्रीय उद्यानाचा, वनखात्याची नोंद आणि फी असते, गाइड सांकरीचाच घ्या. बहुतेक सगळे जुडा का तालाबच्या बाजूने जातात, २५ डिसेंबर ते १ जानेवारी तर तिथे भुसावळ जंक्शनसारखी गर्दी असते, तेव्हा जानेवारीचा दुसरा पंधरवडा किंवा फेब्रुवारी घ्या, आणि गाइडला विचारा की चढायची आणि उतरायची वाट वेगळी ठेवता येईल का. सांकरीच्या बाजूने एकापेक्षा जास्त वाटा आहेत.

जुने ब्लॉग वाचून रूपकुंडचा प्लॅन मात्र करू नका. उत्तराखंडच्या हायकोर्टाने २०१८ साली बुग्याळांवर, म्हणजे वरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीचा मुक्काम बंद केला, त्यामुळे त्या लेखांतले बेदनी-आलीचे कॅम्प आता तसे राहिलेले नाहीत.

प्रश्न : सगळं ठीक आहे ताई, पण एप्रिल-मे मध्ये जळगावात ४४-४५ डिग्रीत सराव करायचा कुठे? जिमला जायचं का? – पहिल्या प्रश्नातले पाचोऱ्याचे सर आणि असेच आणखी तिघं

उत्तर : जिम नको, जिना बघा. चार मजली बिल्डिंगचा जिना, पहाटे साडेपाचला, सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून, आधी ५ किलो, दर आठवड्याला एखाद किलो वाढवत १२-१४ पर्यंत. वर पोचल्यावर बाटल्या ओतून रिकाम्या सॅकने उतरायचं, चढायला वजन आणि उतरायला नाही, म्हणजे छप्पन्नाव्या वर्षी गुडघ्यांवर उगाच मारा होत नाही. पाणी गच्चीवरच्या कुंड्यांना घाला. मे संपता संपता उतरतानाही थोडं थोडं वजन ठेवा, कारण व्हिटनीला पाणी ओतून टाकता येणार नाही.

पाचोऱ्यावरून चाळीसगाव जवळ आहे, रविवारी पाटणादेवीला जा, पण तो भाग गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो, गेटवर नोंद करून, वेळेत आत आणि वेळेत बाहेर. १० वाजायच्या आत सावलीला परत. उन्हातला सराव उंचीच्या कामाचा नाही, उगाच कोणी सांगेल की ४५ डिग्री सोसणाऱ्याला काय होतं. उंची वेगळीच गोष्ट आहे. तिथे डोकं दुखलं, मळमळलं तर तिथेच थांबायचं, वर नाही. बसल्या जागी दम लागला किंवा सरळ रेषेत चालता येईना तर त्याच क्षणी खाली, रात्र असली तरी. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी हवी असेल तर निघण्याआधी पाचोऱ्यातच डॉक्टरांना विचारा, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर तसं आधी सांगा, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा.

आणि सर, व्हिजिटर इन्शुरन्स काढताना पॉलिसीतली बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच पॉलिसीत ठराविक उंचीच्या वरचं ट्रेकिंग धरलेलं नसतं, आधीपासूनचे आजारही नसतात. मुलाला म्हणावं, परमिटच्या आधी तो कागद वाच.